भवानीचं गिऱ्हाईक

कॉलेजात प्रवेश मिळवायला काय काय लागतं, हे मला दोनदा शिकावं लागलं. एकदा शाळेतून सरळ पहिल्या वर्षात जायचं म्हणून, आणि दुसऱ्यांदा एका कॉलेजातून दुसऱ्यात जायचं म्हणून. दोन्ही वेळचे नियम वेगळे होते. दोन्ही वेळा माझ्याबरोबर आई होती, आणि आईचे नियम तिसरेच होते.

आम्ही पाचूबंदरचे कोळी. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. परीक्षेला एस.एस.सी. म्हणायला लागले होते, पण आमच्याकडे ती मॅट्रिकच राहिली. आमच्या गल्लीत माझ्याआधी कुणी मुलगी मॅट्रिकला बसली नव्हती, त्यामुळे पास झाल्यावर पुढे काय करायचं असतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. आजूबाजूचे म्हणाले, पास झाली, आता बास. मी म्हटलं, बास कसं? मला सायन्सला जायचंय.

हे सायन्सचं खूळ डोक्यात शिरलं ते मिठामुळे. शाळेत आमच्या मास्तरांनी एकदा आगरातलं काळपट मीठ आणलं, पाण्यात विरघळवलं, गाळलं आणि आटवून दाखवलं. काचेच्या बशीत पांढरे, नेमके चौकोनी दाणे उरले. जन्मापासून मिठात वावरलेली मी तोंड उघडं टाकून बघत बसले. घरी आले आणि आईच्या मासे खारवायच्या मिठावर तिच्याच टोपात तोच प्रयोग केला. टोप करपला. आई आधी माझ्यावर ओरडली, मग तळाशी राहिलेले दाणे बोटावर घेऊन दाराच्या उजेडात धरून बघत राहिली.

"असे चौकोनीच कसे होतात गो?" तिने विचारलं.

"ते मला ठाऊक नाय. तेच शिकायला जायचंय."

"मग जा," ती म्हणाली. कॉलेजात जायची परवानगी मला अशी मिळाली.

वडील मी लहान असतानाच गेले होते. दर्यावर नव्हे, घरातच, तापाने. होडी काकांकडे गेली आणि आई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन वसईच्या बाजारात बसू लागली. बाजारात तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. गिऱ्हाईकाने सरंग्याचा कल्ला उघडून नाक मुरडलं, तर ती म्हणे, "त्याला काय हुंगता, आदी तुमचं नाक धुऊन या." आणि तेच गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याकडेच येई.

पण तिची एक रीत मला लहानपणापासून दिसत आली होती. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. तिच्यावर सगळ्या दिवसाचा धंदा ठरतो असं आमच्यात धरतात. भवानीचं गिऱ्हाईक कुणी परत पाठवत नाही. थोडं नुकसान सोसतील, पण रिकाम्या हाताने जाऊ देणार नाहीत. आई मात्र बाजारात पोहोचली तरी पाटीवरचं ओलं फडकं काढत नसे. शेजारी एक कोळीणच बसे, आमच्याच गल्लीतली. तिची भवानी झाली, तिने पैसे पाटीला लावून कपाळाला लावले, की मग आई फडकं काढी. त्याआधी गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलं, तरी ती म्हणे, "आदी तिच्याकडं बगा." मला तो धंद्यातला डाव वाटे. शेजारणीला भाव फोडू द्यायचा आणि मग आपला सांगायचा. आई किती पक्की आहे, असं मला वाटायचं.

तर निकाल लागला. मुंबईतल्या एका मोठ्या कॉलेजचे प्रवेशाचे नियम मास्तरांनी विचारून आणले. गणित घेऊन पास झालेलं पाहिजे. मार्क चांगले पाहिजेत. शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे. आणि पालकांनी जातीने हजर राहिलं पाहिजे. मला गणितात भरपूर मार्क होते, इंग्रजीत मात्र काठावर. पालक म्हणून मी येतो, असं काका म्हणाले होते. घरातले पुरुष तेवढे तेच. आईने त्यांना घरी बसवलं.

"पोरगी माजी हाय," ती म्हणाली. "आनि आपुन पयलं जायाचं. दार उघडलं की आपला पाय पयला. भवानीला कोन नाय म्हनतो?"

मास्तरांनी सांगून पाहिलं की बाई, तिथे मार्क बघतात, कोण आधी आलं ते बघत नाहीत. आई त्यांच्याकडे बघून समजूतदारपणे हसली. मास्तर बिचारे ब्राह्मण, त्यांना बाजारातलं काय कळणार, असा त्या हसण्याचा अर्थ होता.

आम्ही इतक्या लवकर पोहोचलो की फाटक उघडायला शिपाई यायचा होता. तो आला, त्याच्या मागोमाग आम्ही आत शिरलो. हेडक्लार्क येऊन टोपी खुंटीला अडकवत होते, तोवर आई त्यांच्या टेबलापुढे उभी. हेडक्लार्कांनी माझा मार्कांचा कागद पाहिला, तिथल्या गठ्ठ्यात ठेवला आणि सांगितलं, "यादी संध्याकाळी लागेल. मार्कांप्रमाणे."

"आमी पयल्या आलोय," आई म्हणाली.

"त्याने काही होत नाही, बाई."

"सायेब, तुमची अजून भवानी व्हायचीय. सकाळी सकाळी नाय म्हनू नका."

आजूबाजूचे दोन कारकून हसले. हेडक्लार्कही हसले, माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "बाई, हा बाजार नाही."

"बाजार नाय तर मग भाव कसला सांगता? गनितात बगा तिला किती हायत."

"गणितात आहेत. इंग्रजीतले बघा."

यानंतर आई बराच वेळ घासाघीस करत होती, आणि हेडक्लार्क नाही म्हणत होते. इथे मला आईची लाज वाटली असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, कारण अशा आठवणींत तसंच असतं. पण मला लाज वाटली नाही. मला राग आला होता, आणि तो इंग्रजीवर होता. मी मनात म्हणत होते, आई बरोबरच सांगतेय. गणितात बघा ना.

संध्याकाळी यादी लागली. तिच्यात मी नव्हते. शेवटच्या नावापुढचे मार्कही माझ्यापेक्षा जास्त होते, तेव्हा भांडायला जागा नव्हती. घरी परतताना आई वसईपर्यंत एक शब्द बोलली नाही. वाटेत दिसेल त्याच्याशी बोलणारी बाई, ती गाडीच्या खिडकीबाहेर बघत बसली होती. उमेळ्याची आगरं गेली, तिने मान वळवली नाही. ती दमली असेल असं मी धरून चालले.

दोन दिवसांनी बोलली ती एवढंच: "माल इकला नाय म्हनून कोन फेकून देतो काय? खारवायचा. सुकं पावसात बरं जातं."

मग मला खारवायला घातलं. मुंबईत एका गोदामाच्या माडीवर नवीन कॉलेज निघालं होतं. त्यांना विद्यार्थी हवेच होते; काठावरचं इंग्रजी त्यांना चाललं. माझी मावशी जवळच्या कोळीवाड्यात राहायची, तिच्याकडे माझी पथारी पडली. खाली गोदामात सुपारीची पोती आणि वर आमची प्रयोगशाळा. वजनाचा एकच चांगला तराजू होता, त्याच्याभोवती आम्ही रांग लावायचो. टेबलं कमी, म्हणून अर्धे जण उभ्यानेच काम करायचे. पंखा लावला की काट्याला थरथर सुटे, पंखा बंद केला की घामाचे थेंब बशीत पडत. मी त्या वर्षात जितकं शिकले तितकं पुढे कुठल्या संगमरवरी इमारतीत शिकले नाही. इंग्रजीचं तर मी नरडंच धरलं. मावशीच्या घरात सगळे झोपायच्या आत मोठमोठ्याने वाचायची. मावशीचा नवरा म्हणायचा, ही पोरगी कुनाशी भांडते?

वर्षाच्या शेवटी मी चांगली पास झाले. पण त्या कॉलेजला परवानगी पहिल्या वर्षापुरतीच होती. इंटरचा वर्ग पुढे कधीतरी निघणार होता. सायन्स घरी बसून करता येत नाही. प्रयोगशाळेत हजेरी लागते. म्हणजे इंटरला दुसरं कॉलेज मिळालं तर शिक्षण, नाहीतर पाटी.

बाहेरून येणाऱ्यांचे नियम निराळे होते. पहिल्या वर्षाच्या दोन्ही टर्म मंजूर झालेल्या पाहिजेत. जुन्या कॉलेजचा दाखला पाहिजे, वागणुकीचा दाखला पाहिजे, कॉलेज बदलायचं कारण पाहिजे. पालक पुन्हा जातीने हजर पाहिजेत. आणि हे सगळं असून, कॉलेजच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना देऊन जागा उरली तर. या 'उरली तर'पुढे बाकीचं सगळं सोपं होतं. दोन कॉलेजांनी बाहेरचा एकही विद्यार्थी घेणार नाही म्हणून आधीच सांगितलं. राहिलं ते एकच, ज्याने मागच्या वर्षी मला दारातून परत पाठवलं होतं.

मला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं. म्हटलं, आता बघू.

ठरलेल्या दिवशी मी पहाटेपासून आईच्या मागे लागले. आई नेहमी माझ्या आधी उठणारी, त्या दिवशी तिला पदराचं टोक सापडेना, चुलीतली राख काढायची राहिली होती, शेजारणीला काही सांगायचं होतं. तरी कॉलेजच्या व्हरांड्यात आम्ही सगळ्यांच्या आधी पोहोचलो, कारण मी तिला जवळजवळ ओढतच नेलं. शिपायाच्या टेबलावर मी माझे कागद सगळ्यांच्या आधी ठेवले. हळूहळू माणसं जमली. कोटवाले वडील, इस्त्रीचे शर्ट घातलेले मुलगे, एक चष्मेवाली मुलगी आपल्या मामाबरोबर. व्हरांड्यात एक लांब बाक होतं. मी दाराजवळच्या टोकाला उभी राहिले. आई पार दुसऱ्या टोकाला, खांबाआड जाऊन बसली.

शिपायाने माझंच नाव पहिलं पुकारलं.

"पालक?"

मी आईकडे पाहिलं. ती उठली नाही.

"आये, ऊठ."

"दुसऱ्यांना जाव दे आदी."

"आपलं नाव घेतलंय!"

"घेवदे. पुढच्याला भाव चढा सांगतात. माल उरला की मग नरमतात."

शिपाई म्हणाला, "पालक येत नसतील तर पुढचा," आणि एक कोटवाले वडील मुलाच्या पाठीवर हात ठेवून आत गेले. थोड्या वेळाने हसत बाहेर आले. मग दुसरे गेले. त्यांनाही जागा मिळाली. मग तिसरे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी खांबाआड जाऊन आईपुढे उभी राहिले.

"हा सरंगा नाय, आये. संध्याकाळपर्यंत थांबलं की स्वस्त होईल म्हणायला. जागा संपतायत."

"संपू देत नाय तुजी. थांब."

"कशाला थांबू? गेल्या वर्षी तूच म्हणालीस ना, पहिलं जायचं. भवानीला कोण नाय म्हणतो, म्हणालीस. या वर्षी काय झालं?"

आईने माझ्याकडे पाहिलं. बाजारात एवढी बोलणारी बाई, तिचा आवाज इतका खाली गेला की मला वाकावं लागलं.

"गेल्या साली मी पयला पाय टाकला," ती म्हणाली. "म्हनून तुजं गेलं. माज्यासारकीच्या हातची भवानी कुनाला लागते काय? मना कलायला पायजे होतं. तुज्यासाटी म्हनून इसरले."

मला आधी काही कळलं नाही, आणि मग एकदम सगळं कळलं. शेजारणीच्या केसांत फुलांची वेणी असायची, आईच्या नसायची. नारळी पुनवेनंतर होड्या दर्यात लोटताना गल्लीतल्या सगळ्या बायका किनाऱ्यावर असत आणि आई तेव्हाच घरात काहीतरी काम काढी. आणि ते पाटीवरचं फडकं. इतकी वर्षं मी ज्याला धंद्यातला डाव समजत होते तो डाव नव्हताच. बाजारातली पहिली भवानी विधवेच्या हातची कुणाला नको असते, म्हणून ती दुसरीची होईपर्यंत पाटी झाकून बसत होती. आणि मागच्या वर्षी माझ्यासाठी, एकदाच, ती सगळं विसरून सगळ्यांच्या पुढे उभी राहिली होती. आणि नंतर वर्षभर, मी माडीवर मीठ आटवत होते तेव्हा, ती घरी हा दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसली होती.

मला रडू आलं नाही. मला राग आला. बाजाराचा आला, गल्लीचा आला, किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या हिरव्या चुड्यांच्या सगळ्या बायकांचा आला. आणि आई मला इतकी आवडली की तेही मला सहन होईना.

"आये," मी म्हटलं, "गेल्या वर्षी माझं इंग्रजीने गेलं. इंग्रजीच्या पेपरात तुझा पाय कुठे होता?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"सांग ना. पेपर लिहिताना तू बाजारात होतीस. मग तुझा पाय तिथं कसा पोचला?"

"तुना नाय कलायचं," ती म्हणाली, पण तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं.

मी तिचा हात धरला आणि ओढला. आम्ही दारापाशी पोहोचलो तेव्हा शिपायाने कागद गोळा केले होते. व्हरांडा रिकामा झाला होता. "जागा संपल्या," तो म्हणाला. "आता उगाच कशाला?"

"संपल्या हे साहेबांनीच सांगू देत," मी म्हटलं आणि आत गेले.

आत प्रिन्सिपॉल होते आणि त्यांच्या बाजूला तेच हेडक्लार्क. त्यांनी मला ओळखलं नाही, आईला ओळखलं. ती उंबऱ्याबाहेरच थांबली होती. प्रिन्सिपॉलनी माझे कागद शेवटी का होईना पाहिले. दाखले ठीक होते, मार्क ठीक होते, इंग्रजीसुद्धा ठीक होतं. त्यांनी चष्मा काढला.

"अभ्यास चांगला आहे. पण जागा नाही."

आयुष्यभर आईच्या पाटीशेजारी बसून मी एक गोष्ट शिकले होते. पहिलं नाही म्हणजे बोलण्याला सुरुवात. त्यावर उठून जातो तो मासे खायच्या लायकीचा नाही.

"जागा वर्गात नाही, सर, की प्रयोगशाळेत?" मी विचारलं.

त्यांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. म्हणाले, "वर्गात काय, एक बाक आणखी टाकता येईल. प्रयोगशाळेतली टेबलं मोजकी आहेत."

"मी वर्षभर उभ्याने काम केलंय. टेबल नको."

"तसं चालत नाही. बॅचच भरल्या आहेत."

"सगळ्या? दुपारच्या, सकाळच्या, सगळ्याच?"

प्रिन्सिपॉलनी हेडक्लार्कांकडे पाहिलं. हेडक्लार्क जरा घुटमळले. म्हणाले, "सकाळी सातची एक आहे. पण ती धरत नाही, सर. गेल्या वर्षी निम्मी मुलं येईनाशी झाली. यंदा अजून एकानेही मागितलेली नाही. ती बंदच करायचं चाललंय."

"मला ती द्या," मी म्हटलं.

"तू राहतेस कुठे?"

आतापर्यंत मावशीकडे, असं सांगता आलं असतं. पण मावशीच्या मुलाचं लग्न झालं होतं आणि त्या एका खोलीत मला आता जागा नव्हती. "पाचूबंदरला," मी म्हटलं. "वसईला."

प्रिन्सिपॉल हसले. "दादरची मुलं सातला पोहोचत नाहीत. तू वसईहून येणार? पावसाळ्यात?" मग त्यांनी दाराकडे पाहिलं. "बाई, तुम्ही आत या. बाहेर का उभ्या? ही सात वाजता इथे पोहोचेल, याची जबाबदारी तुम्ही घेता का?"

आई उंबरा ओलांडून आत आली. खोली बघितली, टेबल बघितलं, मग साहेबांकडे बघितलं, आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच मला माझी बाजारातली आई दिसली.

"सात?" ती म्हणाली. "सायेब, साताला आमची निम्मी पाटी इकून होते. पोरीची काळजी नको. तुमचा मानूस दार उघडायला वेळेत येतो काय ते बगा. गेल्या साली आमीच त्याच्या आदी आलो होतो."

शिपाई दारात उभा होता. त्याने मान खाली घातली. प्रिन्सिपॉल मोठ्याने हसले आणि त्यांनी माझ्या कागदावर सही केली. हेडक्लार्क कागद उचलता उचलता म्हणाले, "सकाळच्या बॅचचं हे यंदाचं पहिलंच नाव."

मी वळून आईकडे बघितलं. "ऐकलंस? भवानी झाली."

आईने दोन्ही हात पदराखाली घेतले, ही भवानी तिच्या हातची झाली हे कुणी बघेल म्हणून असावं.

कॉलेज सुरू झालं त्या पहाटेची तयारी आईने आधीच करून ठेवली होती. मी पापडी गावापर्यंत मासळीवाल्या बायकांबरोबर चालत जाणार, तिथून त्यांच्याच टांग्यातून स्टेशन. निघायच्या वेळेला दार उघडलं तर बाहेर शेजारीण उभी होती, पाण्याने भरलेली कळशी घेऊन, डोक्यात वेणी माळून. माझ्या पहिल्या पावलाला सवाष्ण समोर यावी म्हणून आईने तिला सांगून ठेवलं होतं. आणि आई स्वतः दारामागे, कणगीच्या आड उभी होती. तिची सुक्या बोंबलांची पाटी फडक्याखाली झाकलेली होती.

"मावशी, तुम्ही जरा बाजूला व्हा," मी शेजारणीला म्हटलं. "आये, तू पुढं ये."

"खुळी झालीस काय? पयला दिस हाय."

"म्हणूनच म्हणते."

"मी नाय यायची."

"मग मी नाय जायची." मी उंबऱ्यावर बसले. पिशवी मांडीवर घेतली.

बाहेर मासळीवाल्या हाका मारायला लागल्या होत्या. आई दारामागून मला शिव्या देत होती, त्यांतल्या दोन-तीन मी त्या दिवशी नव्याने ऐकल्या. शेवटी शेजारीणच बोलली. कळशी खाली ठेवून ती म्हणाली, "जा गो बाय, जा पुढं. गाडी चुकेल तिची. मना काय बी वाटनार नाय."

आई बाहेर आली. गल्लीत, सगळ्यांच्या देखत, माझ्यासमोर उभी राहिली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"पाटी उतरव," मी म्हटलं. "मला एक बोंबील दे. मी तुझी भवानी."

तिने पाटी खाली ठेवली. फडकं काढलं. तिने मला मोठ्यातला मोठा बोंबील निवडून दिला आणि मी तिच्या हातात एक आणा ठेवला. तिने तो जरा वेळ तसाच धरून ठेवला. मग पाटीला लावला आणि कपाळाला लावला.

बोंबील कागदात गुंडाळून मी पिशवीत टाकला आणि धावले. सात वाजायच्या आत प्रयोगशाळेच्या दारात हजर होते. शिपायाने किल्ल्या आणल्या आणि मला बघून घाईघाईने कुलूप उघडलं. दिवसभर माझ्या वह्यांना बोंबलाचा वास येत होता.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई चुलीपुढे बसली होती. मी पिशवी खुंटीला अडकवली आणि विचारलं, "आज धंदा कसा झाला?"

"कसा व्हायचा?" ती फुंकणी मारत म्हणाली. "रोजच्यासारका."

मग तिने फुंकणी खाली ठेवली.

"रोजच्यासारकाच झाला गो," ती पुन्हा म्हणाली, माझ्याशी नव्हे.

दुसऱ्या दिवशी, शेजारीणच मला सांगत आली, आईने बाजारात बसल्या बसल्या फडकं काढलं.